प्रकरणाविना सूत्र : चित्रफितीचे जतन, जडवणूक आणि प्रसार

काही वर्षांपूर्वी लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी साधने जमवीत असताना यूट्यूबवर मला एक अकरा मिनिटांची चित्रफीत सापडली. एक वृद्ध बाई जात्यावर बसून ओव्या गात होत्या आणि त्यांच्या नातवाने ते चित्रण करून सर्वांसाठी खुले ठेवले होते. मध्येच एका ठिकाणी त्या गाणे थांबवतात, सासरच्या एका जुन्या प्रसंगाविषयी नाव घेऊन बोलतात आणि मग पुन्हा खुंटा हाती धरतात. पुढची ओवी त्या बोलण्यातूनच उगवलेली असते. ओवी आणि जगणे यांचा संबंध समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला मिळाले नसते. मी ती फीत उतरवून घेतली आणि वर्गात दाखवली. पुढच्या वर्षी पाहतो तो मूळ ठिकाणी ती नव्हती. ज्याने ती चढवली होती त्यानेच ती काढून टाकली होती. माझ्या संगणकात मात्र ती जशीच्या तशी होती. ‘सर, ती आमच्या ग्रुपवर पाठवून द्या,’ असे एका विद्यार्थ्याने म्हटले तेव्हा मी निरुत्तर झालो. ती पाठवण्यास तांत्रिक अडचण काहीच नव्हती. अडचण कोणत्या प्रकारची होती, हे शोधण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेख होय.

प्रथम क्रियांचा भेद स्पष्ट केला पाहिजे. महाजालावरील चित्रफितीच्या बाबतीत आपण तीन गोष्टी करतो आणि व्यवहारात तिन्हींना ‘शेअर करणे’ या एकाच नावाने ओळखतो. पहिली क्रिया जतनाची. यात फितीची स्वतंत्र प्रत आपल्याकडे येते आणि मूळ नष्ट झाले तरी ती उरते. दुसरी क्रिया ‘एम्बेड’ करण्याची. तिला मी येथे जडवणूक म्हणतो. कोंदणात खडा बसवावा तशी ती फीत आपल्या लेखनात बसलेली दिसते. परंतु हा खडा आपल्या मालकीचा नसतो. आपल्या पानावर असतो तो केवळ तिचा पत्ता. वाचक कळ दाबतो तेव्हा फीत मूळ ठिकाणाहूनच येते, आणि मूळ धन्याने ती काढून घेतली की आपल्या पानावर रिकामी काळी चौकट उरते. तिसरी क्रिया प्रसाराची, म्हणजे ती फीत कोणा एकाला किंवा अनेकांना उद्देशून पुढे धाडण्याची. जतनात आपले नाते वस्तूशी असते, जडवणुकीत ते मूळ कर्त्याशी असते आणि प्रसारात ते घेणाऱ्याशी असते. ज्याअर्थी नाती वेगळी आहेत त्याअर्थी जबाबदाऱ्याही वेगळ्या असल्या पाहिजेत.

कायद्याने या भेदाची दखल घेतली आहे, आणि ती कोणत्या कारणाने घेतली हे साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्याजोगे आहे. 2014 साली स्वेन्सन खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने असे ठरवले, की जी कृती मूळ ठिकाणी सर्वांना मुक्तपणे खुली आहे तिच्याकडे दुवा देणे म्हणजे ती नव्या प्रेक्षकवर्गापुढे मांडणे नव्हे. त्याच न्यायालयापुढे 2018 साली एका शाळेचे प्रकरण आले. एका विद्यार्थिनीने कोर्दोबा शहराचे एक छायाचित्र एका पर्यटनविषयक संकेतस्थळावरून उतरवून आपल्या निबंधात वापरले होते आणि शाळेने तो निबंध आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता. छायाचित्र मुळात सर्वांना खुलेच होते. तरीही येथे निकाल उलट लागला. प्रत स्वतंत्र झाली की मूळ कर्त्याने आपली कृती मागे घेतली तरी ती अन्यत्र दिसतच राहते, आणि ती दाखवणे थांबवण्याचा त्याचा अधिकार पोकळ होतो, असा त्या युक्तिवादाचा गाभा होता. मालकी, मोबदला यांच्या पलीकडे जाऊन हा विचार एका निराळ्या हक्कापाशी पोहोचतो. तो म्हणजे बोललेले मागे घेण्याचा हक्क.

हा हक्क वाङ्मयव्यवहाराला अपरिचित आहे. छापलेला शब्द मागे घेता येत नाही आणि अवतरण देणाऱ्याने मूळ लेखकाची परवानगी विचारावी अशी अपेक्षाही कोणी करत नाही. अवतरण देणाऱ्यावर आपण दोनच बंधने घालतो : पाठ शुद्ध असावा आणि संदर्भ तुटू नये. यांपैकी दुसरे बंधन मराठी परंपरेने किती गांभीर्याने घेतले होते, याचे उदाहरण महानुभाव वाङ्मयात आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी चक्रधरांच्या आठवणी जमवल्या. पुढे केशिराजबासांनी लीळांमधून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्र पाठांतराला सोपे आणि स्मरणाला हलके असते. पण लीळेतून सूत्र सुटले की ते कोणाला, कोठे, कशावरून म्हटले गेले हे हरवते. पंथाने ही हानी ओळखली, म्हणूनच प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारा ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथ निर्माण झाला. वचन वेगळे काढणाऱ्यांच्या परंपरेनेच त्याचे प्रकरण परत जोडून देण्याची जबाबदारी उचलली. याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये शतकानुशतके राखले. त्या गुप्ततेविषयी मतभेद असू शकतात; परंतु जपणे आणि पसरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, पहिलीतून दुसरी आपोआप उद्भवत नाही, हे त्यावरून दिसतेच.

जडवणूक ही प्रकरणासह दिलेल्या सूत्रासारखी आहे, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. चौकटीतून मूळ जागी जाता येते, तेथे कर्त्याचे नाव असते, त्याने पुढे जोडलेला खुलासा असतो. परंतु हे साम्य अपुरे आहे. फीत अमुक सेकंदापासून सुरू व्हावी अशी योजना जडवणुकीतही करता येते. त्या बाईंचे बोलणे वगळून थेट ओवीपाशी वाचकाला नेता येते. वरवर प्रामाणिक दिसणारी चौकटसुद्धा अशा रीतीने प्रकरण तोडू शकते. शिवाय जडवणुकीतला कर्त्याविषयीचा आदर हा पुष्कळदा आपल्या सोयीतून आलेला असतो. साठवण्याचा भार नको म्हणून आपण पत्ता देतो. सोयीने घडलेल्या सदाचाराला सदाचार म्हणावे काय, हा प्रश्न उरतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मागे घेण्याचा हक्क सर्वांना सर्वत्र असावा असे म्हटले, तर इतिहासाचे काय होईल? सीरियातील यादवीची असंख्य चित्रणे तेथील सामान्य नागरिकांनी यूट्यूबवर चढवली होती. 2017 साली हिंसक मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने त्यांपैकी हजारो काढून टाकली. ती कर्त्यांनी मागे घेतली नव्हती. सीरियन आर्काइव्हसारख्या संस्थांनी आधीच प्रती करून ठेवल्या नसत्या, तर त्या साक्षींतील बराच भाग कायमचा गेला असता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील एका सेनाधिकाऱ्याविरुद्ध काढलेले अटकेचे अधिपत्र बहुतांशी समाजमाध्यमांवर आलेल्या चित्रफितींवर आधारलेले होते. अशा ठिकाणी केवळ पत्ता देऊन थांबणे म्हणजे साक्ष पुसणाऱ्याच्या हाती ओले फडके देण्यासारखे आहे. येथे जतन हे कर्तव्य ठरते. म्हणून ‘मागे घेणारा कोण आहे आणि त्यामुळे कोणाचे रक्षण होते?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. अत्याचारी सत्ता आपले कृत्य झाकण्यासाठी फीत पुसते आणि एक म्हातारी आपल्या घरातील शांततेसाठी ती काढायला लावते, या दोन कृतींना एकच नियम लावता येणार नाही.

प्रसाराच्या बाबतीत तर प्रकरणाचा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. 2018 साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा भारतभर फिरत होत्या. त्यांच्यासोबत एक चित्रफीतही हिंडत होती. दोघे जण मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली फीत होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि मुले किती सहज पळवली जाऊ शकतात हे सांगणारा फलक दाखवतात. हिंडणाऱ्या प्रतीतून नेमका हा शेवट कापलेला होता. काही सेकंदांच्या वजाबाकीने लोकशिक्षणाचे रूपांतर चिथावणीत झाले. त्या अफवांच्या वातावरणात 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. व्हॉट्सअ‍ॅपने त्यानंतर त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडता येईल असे बंधन घातले. खूण एवढेच सांगे की हे दुसऱ्या कोणाचे आहे. कोणाचे, कोठले, त्यातले काय गळले आहे, हे ती सांगू शकत नव्हती. राईनपाड्यातील मारहाणीची चित्रणेही फिरली. पोलिसांच्या हाती असे चित्रण पुरावा असते, मृताच्या नातेवाइकाच्या हाती ते न संपणारे दुःख असते आणि तिऱ्हाइताच्या हाती तमाशा. फीत एकच; तिला अर्थ येतो तो कोणी कोणाला उद्देशून दिली यावरून.

येथे समकालीन समीक्षेकडून एक आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. देरिदा यांनी 1971 सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की कोणतेही चिन्ह मूळ संदर्भापासून तुटून अन्यत्र रुजू शकते आणि ही शक्यता चिन्हाच्या स्वरूपातच असते. जे अवतरणात येऊच शकत नाही ते चिन्हच नव्हे. मग ‘मूळ प्रकरण’ या कल्पनेचा आग्रह धरणे हे भाबडेपणाचे नाही काय? माझे उत्तर असे, की तुटण्याची शक्यता हे चिन्हाचे वर्णन आहे. तोडण्याची मुभा त्यातून निष्पन्न होत नाही. माणूस मर्त्य आहे या विधानातून कोणाला मारण्याचा अधिकार मिळत नाही, तसेच हे आहे. उलट, संदर्भ स्वतःहून चिन्हाला चिकटून राहत नाही, म्हणूनच तो वाहून नेण्याचे काम कोणीतरी माणसाने करावे लागते. पाठाचा कर्ता अस्तंगत झाला असे मानले तरी चित्रफितीतील चेहरा अस्तंगत होत नाही. ओवीतली ‘मी’ ही वाङ्मयीन निर्मिती असेल. परंतु जात्यावर बसलेल्या त्या बाई कोणाच्या तरी शेजारी राहतात.

आपल्या कायद्याची मर्यादाही येथेच दिसते. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यांना नैतिक हक्क दिले : प्रयोग आपला आहे हे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी त्याची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. परंतु संपादनासाठी किंवा मर्यादित वेळेत बसवण्यासाठी एखादा भाग नुसता गाळणे म्हणजे लौकिकाला बाध आणणे नव्हे, असे स्पष्टीकरणही त्यात आहे. व्यवसायाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. परंतु नीतीचा प्रश्न नेमका त्या गाळलेल्या भागाचा आहे. कराचीच्या फितीतून फक्त शेवट गाळला होता.

चांगल्या व्यवहाराचा एक नमुना आपल्याजवळच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या 2017 पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि तिच्या जगण्याची माहिती येते. ओवी सुटी होते, पण एकटी पडत नाही. सूत्राला प्रकरण जोडण्याची जुनी रीत येथे नव्या साधनात उतरली आहे.

आता माझ्या संगणकातील फितीविषयी. ती मी विद्यार्थ्याला पाठवली नाही आणि वर्गातही पुन्हा लावली नाही. त्या बाईंचे बोलणे कापून केवळ ओव्या दाखवाव्यात, असा मध्यममार्ग सुचला होता. पण तसे केले असते तर ज्यासाठी ती फीत मोलाची होती तेच गेले असते, आणि ज्यांनी ती काढली त्यांच्या इच्छेचा मान राखल्याचे खोटे समाधान मात्र मिळाले असते. मी ती पुसलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. एक जाणती गाणारी आणि तिचा स्वर माझ्या एका कळीने नाहीसा व्हावा, हे मला पेलत नाही. प्रतीसोबत एक टिपण जोडून ठेवले आहे : ती कोठून घेतली, केव्हा घेतली, केव्हा मागे घेतली गेली. नातवाच्या त्या जुन्या पत्त्यावर मी एक निरोपही ठेवला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. ते येईपर्यंत ती फीत माझी नाही, ती माझ्याकडे आहे, एवढाच भेद मी पाळू शकतो. यंदा वर्गात मी छापील संग्रहातल्या ओव्या, गाणाऱ्या बाईंच्या नावागावासह, वाचून दाखवल्या.