दशरथाची सही



रविवार, ३ ऑक्टोबर २०२१
आजचं वाचन: वाल्मीकि रामायण, बालकांड, सर्ग १८ ते २२

आपल्या रोजच्या क्रमात हा भाग अजून आला नव्हता. तो मुद्दाम आज घेतोय, कारण उद्या सोमवारी महाराष्ट्रात शाळा उघडतायत. गावांत पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. मुलांना पाठवायचं तर पालकांचं संमतीपत्र लागणार आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुलं अजून लहान असतील, काहींची तर लग्नंही व्हायचीयत. पण घरात एखादा भाचा, पुतणी, धाकटा भाऊ त्या वयाचा असेलच. आणि गेल्या आठवड्यात त्या घरात एकच विषय असेल: पाठवायचं की नाही?

हाच प्रश्न अयोध्येच्या राजवाड्यात एकदा उभा राहिला होता. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबद्दल.

प्रसंग आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण आज जरा सावकाश वाचू. विश्वामित्र दरबारात येतात. दशरथ आनंदाने पुढे जातो, पूजा करतो आणि म्हणून टाकतो, "काय हवं ते मागा, मी देईन." आधी शब्द देतो आणि मग मागणी ऐकतो. विश्वामित्र म्हणतात, यज्ञात मारीच आणि सुबाहू विघ्न आणतायत, दहा रात्रींसाठी तुझा राम मला दे. दशरथाची शुद्धच हरपते. शुद्धीवर आल्यावर तो जे बोलतो, ते कुठल्याही शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर या आठवड्यात वाचायला मिळालं असतं. माझा राम अजून सोळा वर्षांचासुद्धा नाही. त्याचं शिक्षण पूर्ण झालेलं नाही. मी म्हातारा माणूस, किती वर्षांनी हे पोर पदरात पडलंय. त्याच्याशिवाय मी क्षणभर जगणार नाही. हवं तर हे सगळं सैन्य न्या, मी स्वतः येतो, जिवात जीव असेपर्यंत लढतो. पण राम नको.

आता इथे थांबून दोन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, दशरथाची भीती खोटी नाही. तो पुढे विचारतो, हे राक्षस कोण, कुणाचे, त्यांचं बळ किती? उत्तरात रावणाचं नाव निघतं, आणि त्यांच्यापुढे मीसुद्धा टिकणार नाही असं तो उघड सांगतो. म्हणजे माहिती मिळाल्यावर भीती कमी झाली नाही, वाढली. आपलंही तसंच झालंय. १८ वर्षांखालच्या मुलांची लस आपल्याकडे अजून सुरू झालेली नाही. तिसऱ्या लाटेची चर्चा रोज टीव्हीवर आहे. सध्या पितृपंधरवडा चालू आहे आणि यंदा कितीतरी घरांत भिंतीवर एक नवा फोटो आहे. एप्रिल-मे महिन्यात ज्यांनी ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर फोन केले, त्या आईबाबांना "उगाच घाबरता" असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही. रामायणात वसिष्ठसुद्धा तसं म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट, दशरथ म्हणतो, "मी येतो." हे वाक्य मला फार आईबापांचं वाटतं. मुलाच्या जागी आपण उभं राहावं, दुखणं आपल्याला व्हावं, त्याला नको. पण विश्वामित्रांना दशरथ चालत नाही. प्रत्येक वयाचं एक काम असतं आणि ते काम दुसऱ्या कुणाला करता येत नाही. नववीतल्या मुलाच्या ऐवजी त्याची आई नववीत बसू शकत नाही. दीड वर्ष आपण तेच करून पाहिलं. शेजारी बसून लॉगिन करून दिलं, असाइनमेंटचे फोटो अपलोड केले, परीक्षेच्या वेळी वायफाय सांभाळलं. शाळा मात्र मुलालाच करावी लागते.

मग वसिष्ठ काय म्हणतात? ते दोन मुद्दे मांडतात. एक, तू शब्द दिलायस, तो पाळ. (गेलं वर्षभर "शाळा कधी उघडणार?" असं आपणच विचारत होतो, हेही आठवायला हरकत नाही!) आणि दोन, राम कुणाबरोबर जातोय ते बघ. त्याला अस्त्रं येवोत न येवोत, विश्वामित्र सोबत असताना त्याला धक्का लागणार नाही. विश्वामित्र एकटेसुद्धा हे काम करू शकतात, तरी ते मागायला आलेत, कारण त्यात तुझ्या मुलाचं कल्याण आहे.

वसिष्ठांचं बोट सोबतीकडे आहे. जंगल सुरक्षित आहे असं ते म्हणत नाहीत, राक्षस दुबळे आहेत असंही म्हणत नाहीत. दशरथ विचारत होता, धोका शून्य आहे का? वसिष्ठ प्रश्नच बदलतात. सोबत कोण आहे? तयारी काय आहे?

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे नवीन रिलीज करताना "काहीच बिघडणार नाही ना?" असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर "सांगता येत नाही" हेच असतं. म्हणून आम्ही दुसरे प्रश्न विचारतो. लक्ष कोण ठेवणार? बिघडलंय हे किती लवकर कळेल? मागे घ्यायची वेळ आली तर कसं घेणार? उद्याच्या शाळेला हेच प्रश्न विचारता येतात. वर्गातले शिक्षक दोन्ही डोस घेतलेले आहेत का? एका बाकावर किती मुलं बसणार? खिडक्या उघड्या राहणार का? डबा कुठे खाणार? मुलाला ताप आला तर शाळा कुणाला कळवणार आणि आपण त्या दिवशी काय करणार? हे विचारणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. दशरथानेही राक्षसांची चौकशी केली, आणि विश्वामित्रांनी न चिडता उत्तर दिलं. ते चिडले ते नंतर, दिलेला शब्द फिरवल्यावर.

इथपर्यंत वाल्मीकि. आता याच प्रसंगाकडे दुसऱ्या दारातून जाऊ.

योगवासिष्ठातही हेच विश्वामित्र, हाच दशरथ, हाच सोळाच्या आतला राम आहे. पण तिथे राम तीर्थयात्रेहून परतल्यावर बदललेला आहे. खाण्यावर वासना नाही, कशात मन नाही, एकटाच बसून असतो, वाळत चाललाय. सेवक येऊन दरबारात सांगतात तेव्हा कळतं की राजवाड्यात, पहाऱ्यात, सगळ्या सुखांत असलेला मुलगा आतून कुठेतरी दूर गेलाय. विश्वामित्र म्हणतात, त्याला इथे बोलवा. राम येतो आणि भर सभेत मनातलं सगळं बोलतो. पुष्कळ बोलतो. वसिष्ठ, विश्वामित्र, दशरथ, सगळी सभा शेवटपर्यंत ऐकते. कुणी मधे तोडत नाही. उपदेश त्यानंतर सुरू होतो.

रामाचं वैराग्य आणि आपल्या घरातल्या मुलाची उदासी एक नव्हे, हे मला कळतं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. बाहेरचा धोका मोठ्यांना लगेच दिसतो, खोलीतल्या मुलाच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. कारण मूल डोळ्यांसमोर असतं. डोळ्यांसमोर आहे म्हणजे ठीक आहे, असं आपण धरून चालतो.

माझी मोठी बहीण पुण्यातच राहते. भाचा नववीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो सातवीत होता. एप्रिलमध्ये त्याचे आजोबा, म्हणजे ताईचे सासरे, कोविडने गेले. घरात आजी आहेत, त्यांचे दोन्ही डोस झालेत. गेल्या बुधवारी ताईचा फोन आला. "अरे, फॉर्म भरायचाय. हे म्हणतात पाठवू, आई म्हणतात घटस्थापना तरी होऊ दे, पितृपक्षात कशाला सुरुवात. माझं डोकंच चालत नाहीये. तू इतकं वाचतोस, तू सांग."

मी म्हटलं, "ताई, त्याला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? तो तर मोबाइल सोडत नाही."

योगवासिष्ठातली ती सभा डोक्यात होती, म्हणून म्हटलं, एकदा त्याला बोलू दे, आणि तो थांबेपर्यंत आपण बोलायचं नाही. शनिवारी, म्हणजे काल, मी त्यांच्याकडे गेलो. जेवणं झाल्यावर सगळे बसलो. आधी तो नेहमीसारखं "मला काही प्रॉब्लेम नाही, तुम्ही ठरवा" म्हणाला. कुणीच काही बोललं नाही. मग म्हणाला, "मामा, आमच्या वर्गात कोण किती उंच झालंय तेच मला माहीत नाही. माझा आवाज फुटलाय, म्हणून मी माइक ऑनच करत नाही. सरांना वाटतं मी क्लासला नसतोच." ताईला हे नवीन होतं.

मग बराच वेळ गेला आणि तो आजीकडे न बघता म्हणाला, "मार्चमध्ये मी खाली क्रिकेट खेळायला जात होतो. आजोबांना माझ्यामुळे झालं का?"

सहा महिने हे पोर हे घेऊन बसलं होतं, दार लावून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शाळेत जायला त्याला भीती वाटत होती ती स्वतःची नव्हती. आता आजींना काही झालं तर, ही होती.

उत्तर त्याच्या आजींनीच दिलं. त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "अरे, तेव्हा तुझे बाबा बँकेत जात होते, मी भाजी आणत होते, आजोबा स्वतः देवळाच्या पारावर बसत होते. कुणाकडून आलं ते देवालाच ठाऊक. त्याचा हिशोब तू का मांडतोस? तू शाळेत जा. आल्यावर आंघोळ कर, चार दिवस माझ्याजवळ झोपू नकोस, मास्क लाव. एवढं केलंस की पुढचं माझं मी बघते." घटस्थापनेपर्यंत थांबायचं त्यांनी नंतर काढलंच नाही. रात्री ताईने फॉर्म भरला.

मित्रांनो, "शेवटी सही केली, तेच बरोबर" असं सांगायला मी ही गोष्ट लिहिलेली नाही. ज्या घरात कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाची केमो चालू आहे, किंवा मुलालाच दमा आहे, तिथे डॉक्टरांशी बोलून "अजून थोडे दिवस नको" असं ठरलं असेल, तर तेही पालकाचं प्रेमच आहे. त्यांना भित्रं म्हणू नका. आणि ज्यांनी पाठवायचं ठरवलंय त्यांना बेफिकीर म्हणू नका. सोसायटीच्या लिफ्टमध्ये उद्या या दोन्ही प्रकारचे आईबाबा भेटतील. दोघेही दशरथच आहेत.

सांगायचंय ते एवढंच. निर्णय भीतीने घेतला की त्यात फक्त आपण असतो. आपली झोप, आपला धीर, आपलं "मला सहन होणार नाही". दशरथाच्या पहिल्या बोलण्यात बघा, "मी जगणार नाही" आहे, "मी लढतो" आहे. राम त्याच्या तोंडी आहे, पण लहान, अपुरा, न शिकलेला असाच. वसिष्ठांनी त्याची नजर स्वतःवरून काढून मुलावर नेली. मग तोच दशरथ स्वतः रामाला बोलावतो, लक्ष्मणासह. आई-वडील स्वस्तिवाचन करतात, वसिष्ठ मंगल मंत्र म्हणतात, बाप मुलाचं मस्तक हुंगतो आणि त्याला विश्वामित्रांच्या हाती देतो. ओढून नेलेला मुलगा आणि हातात दिलेला मुलगा यांत फार फरक आहे. बरोबर काय न्यायचं, तर मुलाला घरातून मिळालेला तो स्पर्श.

आणि पुढचा भाग वाचाच. अयोध्येपासून दीड योजनावर, शरयूच्या दक्षिण तीरावर विश्वामित्र काय करतात? लगेच राक्षसांवर सोडत नाहीत. आधी बला आणि अतिबला या विद्या देतात. त्यांचं फळ काय सांगितलंय? श्रम होणार नाहीत, ज्वर येणार नाही, बेसावध असताना कुणी घात करू शकणार नाही. होय, ज्वराचा उल्लेख तिथे आहे. राम पाण्याने शुद्ध होऊन त्या विद्या घेतो. म्हणजे जो नेणारा आहे, त्यानेही संरक्षण दिल्याशिवाय एक पाऊल पुढे नेलं नाही. आपल्या काळात हे काम मास्क, साबण, उघडी खिडकी आणि मोठ्यांची लस करतायत. त्यांना कमी लेखू नका. नाम घ्या आणि हातही धुवा. दोन्हींत भांडण नाही.

सोमवारी शाळा उघडतायत आणि गुरुवारी, घटस्थापनेला, देवळं. आधी मुलांचं दार, मग देवाचं. मला हा क्रम फार आवडला. देवालाही आवडला असेल.

आजचा संकल्प: घरात किंवा नात्यात आठवी ते बारावीतलं जे मूल असेल, त्याला आज एक फोन करा, किंवा शेजारी जाऊन बसा. "उद्या जातोयस का?" असं विचारू नका. "कसं वाटतंय?" असं विचारा, आणि मग तोंड मिटून ऐका. सभा जशी रामाचं ऐकत होती तसं. मधे उपदेश नको, व्हॉट्सअ‍ॅपवरची माहिती नको. तो काहीच बोलला नाही तरी चालेल, तुम्ही विचारलंत हे त्याच्या लक्षात राहील.

आणि सही करताना, हो म्हणून करा की नाही म्हणून, मुलाच्या डोक्यावर एकदा हात ठेवा.

हे रामराया, ज्या आईबाबांचा हात उद्या सकाळी दाराच्या कडीवर थांबेल, त्यांना धीर दे. ज्या मुलांनी मनात काही दाबून ठेवलंय, त्यांना ऐकणारं माणूस दे. आणि वर्गावर्गात आज फळा पुसणाऱ्या, बाक लावणाऱ्या शिक्षकांना आणि शिपाईकाकांना सुखरूप ठेव.

उद्याचं वाचन: सर्ग २३ आणि २४. शरयू आणि गंगेचा संगम, आणि ताटकेचं वन.

राम कृष्ण हरी.