दंड आणि उत्पन्न

दंड हा न्यायाचा विषय की जमाखर्चाचा? प्रश्न भोळा वाटेल. परंतु ज्यांच्या हातांखालून वसुलीचे तक्ते नित्य जातात, त्या आम्हां नोकरदारांनी तो स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील फर्ग्युसन हे तेव्हा सुमारे २१ हजार वस्तीचे शहर होते. रहदारी, वाढलेले गवत अशा किरकोळ नगर-नियमभंगाचे खटले तेथील नगर-न्यायालयात चालत. न्यायाधीश नगरपरिषदच निवडी. २०१५ सालच्या अंदाजपत्रकात सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलरांच्या जमेपैकी ३० लाखांहून अधिक रक्कम दंड व शुल्कांतून येईल, असे आधीच मांडून ठेविले होते. एका बाईने २००७ साली गाडी भलत्या जागी उभी केली. दंड १५१ डॉलर. सात वर्षांत तिने ५५० डॉलर भरले, सहा दिवस तुरुंगात काढले, तरी ५४१ डॉलर बाकी होतेच. हे सारे केंद्रीय न्यायखात्याच्या अहवालाने मार्च २०१५ मध्ये उघड केले. आणि त्याच महिन्याच्या ९ तारखेस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्ग्युसनचे सर्व खटले राज्याच्या सर्किट न्यायालयाकडे वर्ग करून अपील न्यायालयाच्या एका न्यायाधीशाकडे सोपविले.

गावचा तंटा गावातच मिटावा, हे आम्हांसही पटते. जवळचा न्यायाधीश माणसे ओळखतो. दूरच्या कचेरीस खेटे घालणे गरिबास जड जाते. परंतु जवळीक निराळी आणि मिंधेपणा निराळा. ज्याच्या निकालाने नेमणाऱ्याची तिजोरी भरते, त्याचा निकाल बरोबर असला तरी निःशंक राहत नाही. रामशास्त्र्यांचे नाव आम्ही अभिमानाने घेतो. परंतु प्रत्येक आसनावर रामशास्त्रीच बसतील, या भरवशावर राज्य चालविता येत नाही.

तथापि, खटल्याची जागा बदलल्याने अर्धेच काम होते. खरा दोष अंदाजपत्रकातील त्या ओळीत आहे. पुढील वर्षी इतका दंड मिळेल असे जो हिशेबात धरतो, तो लोकांनी तितके अपराध करावेत अशी आशाच धरतो. अपराध घटले तर ज्या नगरास तूट येते, ते नगर सुधारणेस भिऊ लागते. मिसुरीच्या विधिमंडळाने त्याच वर्षी रहदारीच्या दंडांतून शहरांनी घ्यावयाच्या उत्पन्नाची मर्यादा खाली आणली, ती याचसाठी.

आम्हांपैकी कित्येकांच्या टेबलावर दंडवसुलीचा आकडा दरमहा येत असेल. तो घटला, तर आम्हांस आनंद होतो की काळजी वाटते, एवढेच ज्याने त्याने पाहावे.