वचनाच्या आड



इ. स. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. आपल्या काळात वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. शास्त्र समजत नाही, ही सबब आता उरलेली नाही. माझी अडचण वेगळीच आहे.

मागे एकदा बोरिवलीहून लोकलने निघालो होतो. हातात नवा करार, पान संत याकोबाच्या पत्राचे. वचन ऐकून न आचरणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्यासारखा असतो, असे तो सांगतो. कांदिवलीला एक वृद्ध गृहस्थ चढले. “चौथी सीट द्याल का?” मी ऐकले, पण मान वर न करता वाचतच राहिलो. अंधेरीपर्यंत ते उभे होते.

त्या दिवशी मी प्रभूच्या वचनाआड लपलो होतो. आपली आध्यात्मिक वाढ वाचलेल्या पानांनी मोजायची, की सरकून दिलेल्या जागेने?

या आठवड्यात रोज एकच वचन वाचू या. रात्रीच्या प्रार्थनेत प्रभूला सांगू या, आज ते कोणासाठी पाळले. पाळले नसेल, तर तेही सांगू या.