बंब कुणाचा?

(वाडा पुनर्विकासाला गेला. खोल्या रिकाम्या करताना मावशी आणि भाचा यांच्यात झालेलं हे बोलणं.)

भाचा : मावशी, मोडवाला उद्या येतोय. बंब देऊन टाकू या का? नव्या फ्लॅटमध्ये गीझर आहे.

मावशी : तुझ्या आजीनं तांबट आळीतून आणलेला बंब मोडीत घालायचा?

भाचा : शेजारच्यांचा अगदी असाच बंब मोडीत गेला, तेव्हा तू म्हणालीस, बरं झालं, अडगळ गेली.

मावशी : तो त्यांचा होता.

भाचा : तेच विचारतोय. तांबं तेच, ठोकेही तसेच. हा महत्त्वाचा आणि तो अडगळ, हे तू कधी ठरवलंस?

मावशी : ठरवलं नाही रे. थंडीत पहाटे उठून त्यात जळण घालायचं, धूर डोळ्यांत जायचा, आई ओरडायची. त्यातच कधीतरी तो आपला झाला.

भाचा : त्याला आठवणीही लागत नाहीत. डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलांवर केलेले प्रयोग 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना कॉफीचे साधे मग दिले, नंतर बाजार मांडला. मग मिळालेली मुलं साधारण 5.25 डॉलर मागत होती, न मिळालेली 2.25 ते 2.75 द्यायला तयार होती. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती! म्हणजे हे महत्त्व निव्वळ ताब्यातून येतं. मग त्याच्यासाठी अडून का बसायचं?

मावशी : हे आपल्याकडे फार आधी बोललं गेलंय. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो आणि मैत्रेयी व कात्यायनी या दोघी बायकांमध्ये वाटणी करायला बसतो. तेव्हा तो मैत्रेयीला सांगतो, की नवरा, बायको, मुलं, धन, काहीच त्या-त्या गोष्टीसाठी प्रिय नसतं, आत्म्यासाठी प्रिय असतं. त्याच्या आत्म्याचा अर्थ तुझ्या-माझ्या 'मी'पेक्षा पुष्कळ मोठा आहे, हे खरं. पण वस्तूच्या अंगी प्रियपण नसतं, हे त्यानंही ओळखलं होतं.

भाचा : म्हणजे तू माझ्याच बाजूची झालीस. बंब द्यायचा.

मावशी : थांब. महत्त्व माझ्याकडून आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. नाहीतर उद्या म्हणशील, आई माझी म्हणून प्रिय, तर तेही सोडून द्यावं. मला दुसरंच खटकतं. नकळत दिलेलं महत्त्व कुणाला मिळालं नाही, हेही आपल्याला कळत नाही. त्या सगळ्या संवादात कात्यायनीच्या तोंडी एकही वाक्य नाही. घर, गाई, माणसांचं जेवणखाण कुणी पाहिलं असेल?

भाचा : इथली कात्यायनी कोण?

मावशी : हा बंब चिंच लावून लखलखीत कुणी ठेवला? आईनं? आईचे गुडघे गेल्यापासून भांड्यांच्या बाईंनी. आपण केलेल्या वाटणीच्या यादीत पाटा-वरवंटासुद्धा आहे, त्यांचं नाव नाही.

भाचा : पण मावशी, प्रेम काही यादी करून वाटता येत नाही. ठरवून दिलेलं महत्त्व म्हणजे कोरडं कर्तव्य.

मावशी : असेल कोरडं. माझ्या मनात बाईंना आईची जागा येणार नाही, आणि तसं भासवणं त्यांनाही आवडणार नाही. पण कोण वगळलं गेलं, हे शांतपणे बसून पाहता येतं. तेवढं तर आपल्या हातात आहे ना?

भाचा : त्यांनी बंबच मागितला तर?

मावशी : (बराच वेळ गप्प राहून) जड जाईल. तरी द्यावा लागेल.

भाचा : आणि त्यांनीही तो मोडीत घातला तर?

मावशी : तो त्यांचा निर्णय. कदाचित त्यांच्या लेखी तो रोजची घासाघाशीच असेल. आपल्याला जे प्रिय, ते त्यांनाही प्रिय असावं, हा आग्रह कशाला? मोडवाल्याला सांग, दोन दिवसांनी ये. बाईंना उद्या चहाला बोलाव, आणि यादी त्यांच्यापुढे ठेव. मोडवाल्याआधी त्यांनी निवडायचं.