टेक्सासला उशिरा पोचलेली बातमी

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग उरकलं की दुकानांत ॲडव्हेंट कॅलेंडरांचे ढीग लागतात. चोवीस खिडक्या, रोज एक उघडायची. आत चॉकलेट, अत्तर, वाइनची चिमुकली बाटली. कुत्र्यांच्या बिस्किटांचंही कॅलेंडर मिळतं. याचा मला राग नाही, पोरांची मजा होते. राग येतो तो याच दिवसांतल्या प्रवचनांचा. आनंदी राहणं तुमच्याच हातात आहे, कुरकुर सोडा, देव भरभरून देणार आहे! शुभवर्तमान म्हणजे बातमी, आणि बातमी व्हायला आधी काहीतरी घडावं लागतं. ऐकणाऱ्याने मन प्रसन्न ठेवलं म्हणून ती होत नाही.

या बातमीची सुरुवातीची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. यशयाचे हद्दपार झालेले लोक, लूकचे मेंढपाळ, मरियेचं गीत: त्यात सत्ताधीश आसनांवरून खाली येतात आणि श्रीमंत रिकाम्या हाताने परत जातात. पुढे चर्चने आगमनकाळाला, म्हणजे ॲडव्हेंटला, उपवास आणि जांभळा रंग दिला. ल्यूथरने पापक्षमेवर भर दिला. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी तर १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठोठावला. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही.

भांडण आहे १ जानेवारी १८६३ बद्दल. त्या दिवशी लिंकन गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही करणार होते. बोस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्ये गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस आणि भलीमोठी गर्दी तारेची वाट पाहत होती. तारघरापासून व्यासपीठापर्यंत निरोप्यांची रांगच लावली होती. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजून गेले. लोकांचा धीर सुटत चालला. मग कुणीतरी गर्दीतून धावत आलं: तार येतेय! त्यानंतर हसणं, रडणं, टोप्या उडवणं. आणि एका वृद्ध कृष्णवर्णीय उपदेशकाने गाणं धरलं ते इस्राएलच्या मिसर देशातल्या सुटकेचं.

या रात्रीचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो आणि दोन्ही मला चुकीचे वाटतात. एक म्हणतात, हा राजकीय जल्लोष होता, धर्माची वरून नुसती झालर. दुसरे म्हणतात, गुलामांची भक्ती तोवर स्वर्गाच्या दिलाशापुरती होती, ती त्या दिवशी जमिनीवर आली. नुसता दिलासाच असता तर मालकांनी त्याला भ्यायचं कारण काय? वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला छापलेल्या बायबलमधून मिसरमधून सुटकेचा भागच कापला होता. धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन (हेच १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटले) यांनी आपल्या आजीची हकिकत लिहून ठेवली आहे. आजी जन्माने गुलाम, वाचता येत नसे. नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रं जवळजवळ वर्ज्य. का? मालकाचा पाद्री नेहमी त्यातलंच 'दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा' हे सांगायचा. कोणती बातमी आपली आणि कोणती मालकाची, हे त्या बाईला नेमकं कळत होतं.

म्हणजे १८६३ ने बातमीचा आशय बदलला नाही. त्याने बातमी निघणं आणि पोचणं यांतलं अंतर उघडं पाडलं. टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला संघराज्याच्या सैन्याने मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला तो १९ जून १८६५ रोजी. अडीच वर्षं तिथली माणसं कागदावर मुक्त आणि शेतात गुलाम होती. माझ्या मते आगमनकाळ म्हणजे हीच अडीच वर्षं. त्यातल्या आनंदात संताप असतो, 'अजून का नाही' असा जाब असतो. पुण्यात जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. बाप्तिस्मा न घेताही त्यांना ती बातमी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या पत्त्यावर आलेली दिसली.

या बातमीचं पुढचं घसरणं मात्र झटपट झालं. १८८९ मध्ये अँड्र्यू कार्नेगीने संपत्तीवर निबंध लिहिला, तो 'संपत्तीचं शुभवर्तमान' म्हणूनच गाजला. १८९२ मध्ये त्याच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीकपातीवरून संघर्ष पेटला आणि माणसं मेली. सहा वर्षांनी तिथे कार्नेगी ग्रंथालय उभं राहिलं. पाद्री रॉशनबुशने १९०७ मध्ये सामाजिक अन्यायाकडे बोट दाखवलं, पण बाजी मारली ती नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ च्या सकारात्मक विचारांच्या पुस्तकाने. २००५ पासून ह्यूस्टनचं लेकवुड चर्च तर जुन्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्येच भरतं. या परंपरेत सगळ्यांना मिळतं, कुणाला काही सोडावं लागत नाही. मरियेच्या गीतातले श्रीमंत तिथे भरल्या हातांनीच परततात.

आगमनकाळाचा तिसरा रविवार आनंदाचा, त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती लावतात. कॅथलिक वाचनचक्रात दर तीन वर्षांनी त्या दिवशी मत्तयाचा अकरावा अध्याय येतो: बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि निरोप पाठवून विचारतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? उत्तर येतं, आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. योहान काही सुटला नाही, हेरोदाने त्याचा शिरच्छेद केला. तरी उतारा ठेवला आहे तो आनंदाच्याच रविवारी. त्या दिवशी प्रवचनाला उभं राहणाऱ्याने निदान त्या कोठडीबद्दल बोलावं, एवढीच माझी मागणी आहे.