शंभरपट म्हणजे काय?

आजचं वचन: मार्क 10:29-30

मित्रांनो, बोनकोडेत भाड्याच्या खोलीत राहणारे आपण बरेच जण घर सोडूनच आलोय. पण पगारासाठी! प्रभू येशू इथे सुवार्तेसाठी घर सोडणाऱ्यांबद्दल बोलतो.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला आले. कंपनी सरकारने परत जा म्हटलं तरी राहिले, मराठी शिकले, नव्या कराराच्या भाषांतराला लागले. 1825 मध्ये पत्नी आणि दोन मुलांना त्यांनी मायदेशी पाठवलं. पुढच्या मार्चमध्ये नाशिकला पटकीची साथ होती. हॉल तिथे गेले, जवळची औषधं वाटून संपवली, आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठलं. वय 41. सोबत इथलीच दोन मुलं होती. त्यांनीच मूठमाती दिली.

त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला. लोक त्यालाच त्यांचं फळ म्हणतात. पण वचनात भाऊ, आया, मुलं मिळतील असं आहे, तेही छळासोबत. मला तर ती कबर खणणारी दोन पोरंच शंभरपट वाटतात.

तरी एक गोष्ट टोचते. हॉल यांनी त्याग स्वतः निवडला. त्यांच्या लेकरांना कुणी विचारलं होतं?