रोह्याची गॅलरी, पेणची माती

पेण,
मे महिन्याची अखेर

चि. मुक्तास आत्याचे अनेक आशीर्वाद.

गॅलरीचा फोटो पाहिला. ग्रिल छान भरलंयस. कोपऱ्यातलं लॅव्हेंडर ऑनलाइन मागवलेलं दिसतंय. त्याच्यावर फार जीव लावू नकोस, जुलैत ते कुजणार. त्यात तुझा दोष नसेल. कोरड्या हवेतलं झाड ते, रोह्यात काय करणार!

मोबाइलवर बाग शिकवणारे पुष्कळ जण पुण्याच्या हिशेबाने बोलतात. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे साधारण 3000, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पाणी किती घालावं ही त्यांची काळजी. आपली काळजी म्हणजे कुंडीतलं पाणी बाहेर कसं काढावं. म्हणून ते व्हिडिओ बाजूला ठेव आणि घरी येताना गाडीच्या खिडकीतून बघत ये. निडी, नागोठणे, कासू, दोन्ही बाजूंना शेतं आहेत. त्या त्या महिन्यात शेतकरी जे करतो, तेच लहान प्रमाणात कुंडीत करायचं. माझी सगळी बागायती एवढीच.

मृग 7-8 जूनला लागतो. त्याआधी प्रत्येक कुंडीचं भोक काडीने मोकळं कर, खालच्या ताटल्या काढून टाक (डेंग्यूचे डास तिथेच होतात) आणि कुंड्या विटांवर चढव. स्लॅबला ओल धरली की खालच्या मजल्यावरचे लोक आधी झाडांनाच शिव्या घालतात. कोरफड भिंतीलगत आत घे. पावसाळ्यात खताचा मारा नको, मुसळधार पावसात ते वाहूनच जातं. जून लागला की भेंडी, काकडी, कारलं, पडवळ लाव. वेल ग्रिलवर आपोआप चढतील. अळूला फारसं बघावं लागत नाही. हळदीचा एक गड्डा मात्र आजच खोच, म्हणजे श्रावणात पातोळ्यांना पानं घरची मिळतील. गोगलगायी रात्री निघतात. टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी पटलेला नाही.

आता मातीचं. पेणजवळच्या खारेपाटातली चिखलमाती कितीही सकस दिसली तरी आणू नकोस, तिच्यातलं मीठ रोपांना सोसत नाही. डोंगराकडची लाल माती घे, त्यात निम्म्याला थोडं कमी शेणखत आणि दोन-तीन ओंजळी भाताचं तूस मिसळ. तूस भातगिरणीत मिळतं. त्याने माती भुसभुशीत राहते, पाणी झरझर खाली उतरतं. कोकोपीटच्या विटा विकत घ्यायच्या आणि आपल्या तालुक्यात तुसाचे ढीग पडलेले, हे मला कळत नाही.

आणि शाडू! गणपतीचं बादलीत विसर्जन करून ती माती तुळशीत ओतायची पद्धत हल्ली फार झाली आहे. भावना चांगली आहे, तुळस मात्र गुदमरते. आपल्या पेणला मूर्ती हजारोंनी घडतात, पण शाडू मुळात गुजरातेतून येते. ती फार बारीक कणांची असते, कुजलेला पालापाचोळा तिच्यात नावालाही नाही. वाळली की दगड होते, भिजली की हवा कोंडते. मूर्तीला जे हवं, तेच मुळांना नको. पूर्ण वाळवून, फोडून, वाळू आणि खतात मूठभर मिसळलीस तर चालेल. उरलेली मूर्तिकाराला परत दे, भिजवून ती पुन्हा वापरता येते.

नवरात्र सरलं की आपल्याकडची खरी बाग सुरू होते. मेथी, मुळा, लाल माठ, कोथिंबीर, काहीही पेर. मिरचीची रोपंही तेव्हाच. भातकापणी झाली की शेतात उरल्या ओलीवर वाल पेरतात, त्याला नंतर पाणी देत नाहीत. कुंडी लवकर सुकते, म्हणून तुला थोडं शिंपडावं लागेल, पण थोडंच. लाड केलेस तर नुसता पाला माजेल. पोपटीचं मडकं भरण्याइतक्या शेंगा गॅलरीत येणार नाहीत, एका बिरड्यापुरत्या आल्या तरी पुष्कळ. पोपटीला लागणारा भांबुर्डा लावायची गरज नाही, थंडीत तो शेताशेतांत मोकाट असतो.

मोगऱ्याला डिसेंबरात ताण दे: पाणी जवळजवळ तोड, जानेवारीत छाट, मग खत घालून पाणी सुरू कर. मार्चपासून कळ्या धरतील. एप्रिल-मेमध्ये पाणी सकाळी लवकर, मातीवर वाळक्या पानांचा थर आणि दुपारी जुनी साडी आडवी. तुझ्या त्या महागड्या हिरव्या जाळीचं काम ती फुकटात करते.

बाबा म्हणतो, स्पर्धा परीक्षेच्या वर्षी कुंड्या कसल्या? त्याला सांग, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तुमच्या रोह्याचेच. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र अभ्यासलं, त्या विषयातलं बक्षीसही मिळवलं आणि 1918 साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. बाबा यावर काहीतरी बोलेलच, तू गप्प राहा.

वालाचं बी बाजारातून आणू नकोस, दुकानातलं पुष्कळदा जुनं असतं. माझ्याकडे गेल्या हंगामातलं, राख चोळून ठेवलेलं आहे. गणपतीला आलीस की घेऊन जा, आणि येताना रिकामा डबा आण. मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आत्या